फसफसलं म्हणजे निघालं नव्हे

वास्तुशांतीला दूध मुद्दाम उतू घालतात. एरवी ते आपल्या मनाने जातं, नेमकी पाठ वळली की. मग शेगडीवर तपकिरी पापुद्रा करपून बसतो आणि घरातलं कुणीतरी मोबाइल पुढे धरतं, ‘सोडा टाक, वर व्हिनेगर ओत, बघ कसं फसफसून निघतं!’

मावशी, शेजारीण, नात, सगळ्यांकडून ऐकून झालं. फेस दिसतो म्हणजे काम चाललंय, अशी सगळ्यांची खात्री. अहो, शाळेच्या प्रदर्शनातला ज्वालामुखीही असाच फसफसतो, त्याने कुणाचा ओटा स्वच्छ झालाय?

खाण्याचा सोडा आम्लारीधर्मी, व्हिनेगर आम्ल. एकत्र आले की दोघं एकमेकांना मारतात. उरतं सोडियम अ‍ॅसिटेट नावाचं लवण, पाणी आणि उडून गेलेला कार्बन डायऑक्साइड. करपलेला थर काढण्याची ताकद यातल्या कशातच नाही.

‘पण आमच्याकडे निघालं ना!’ निघणारच. ५ ग्रॅम सोडा, म्हणजे साधारण एक चहाचा चमचा, पूर्ण मारायला ४ टक्क्यांचं व्हिनेगर सुमारे ९० मिली लागतं. आपण ओततो दोन झाकणं. उरलेला सोडा, ओल आणि तुमचा मनगटाचा जोर यांनी काम केलं. श्रेय मात्र फेसाला.

कुकरच्या शिट्टीतून उडालेलं डाळीचं पाणी परवा माझ्या शेगडीवर दोन ठिकाणी वाळलं होतं. एका डागावर हा फसफसाट केला. दुसऱ्यावर तीन चमचे सोडा एक चमचा पाण्यात कालवून थापला आणि वर ओलं फडकं टाकलं. अर्ध्या तासाने दुसरा डाग प्लास्टिकच्या उलथन्याने ढकलला, तर ओल्या कागदासारखा गोळा होऊन आला. पहिल्यावर अजून घासणं चालू होतं. वाळलेलं पिठूळ आणि प्रथिनं ओलीने फुगतात, तेलकट थर सोड्याने सैल होतो, पण त्याला वेळ द्यावा लागतो. व्हिनेगर हवंच असेल तर शेवटी, सोड्याचे पांढरे ओघळ आणि बोअरच्या पाण्याचे डाग पुसायला.

बाकीचे समज थोडक्यात. तारेची घासणी काचेच्या शेगडीवर नको, चरे पडतात आणि पुढच्या वेळी डाग त्यांतच रुततो. गरम काचेवर गार पाणी ओतू नका, तडकू शकते. लिंबाने पितळी बर्नर चकाकतो, काजळी जात नाही. धुण्याचा सोडा खाण्याच्या सोड्याहून जहाल खरा, पण अ‍ॅल्युमिनियमचा बर्नर त्यात काळवंडतो. भांड्याची बुडं काळी होतात ती बहुधा गॅसमधल्या भेसळीने नव्हे, छिद्रं तुंबून हवा कमी पडल्याने. ती टाचणीने मोकळी करा, आगपेटीची काडी आत मोडते. आजीची राख मात्र वेडेपणा नव्हता, तिच्यात पोटॅशियम कार्बोनेट असतं. अर्थात काचेवर नको.

‘जास्त जालीम’ म्हणून ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा संडासाचं अ‍ॅसिड मिसळणारेही भेटतात. त्यातून क्लोरीन वायू निघतो, तोही बंद स्वयंपाकघरात. हे कृपा करून कुणी करू नका.