चित्रातली जाळी दगडात उतरताना

जयपूरहून आग्र्याच्या रस्त्याला लागलं की बस्सी लागतं. इथल्या एका दगडकामाच्या कारखान्यात मी ड्रॉइंग तपासते. पुण्या-मुंबईचे डिझायनर हवामहालासारख्या जाळीचा नमुना पाठवतात, तो बहुतेक वेळा इलस्ट्रेटर किंवा कोरलड्रॉ या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये काढलेला असतो. दगड कोरणाऱ्या यंत्रावर चढवण्याआधी तो ऑटोकॅड या मापाच्या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आणावा लागतो. मधला दुवा म्हणजे डीएक्सएफ फाइल. ऑटोकॅडबरोबरच १९८२ साली आलेला हा फाइलचा प्रकार आजही ड्रॉइंगच्या जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअरला वाचता येतो.

या प्रवासातला पहिला घोळ मापांचा. इलस्ट्रेटर आतून पॉइंटमध्ये मोजतो. ७२ पॉइंट म्हणजे एक इंच, म्हणजेच २५.४ मिलिमीटर. त्यामुळे ६०० मिलिमीटरची जाळी त्याच्या लेखी सुमारे १७०१ पॉइंटची असते. फाइलबरोबर एकक आलं नाही, तर ऑटोकॅड तोच आकडा मिलिमीटर समजतो आणि जाळी जवळपास पावणेतीन पट मोठी होते.

दुसरा जाडीचा. चित्रात जाळीची पट्टी म्हणजे नुसती एक जाड केलेली रेघ असू शकते. डीएक्सएफमध्ये बहुधा तिची मधली रेघच उतरते, आणि दगडात जी पट्टी शिल्लक राहायला हवी तिला कडाच उरत नाहीत. म्हणून फाइल काढण्यापूर्वी जाड रेघेची बाह्यरेषा करून घ्यायची, अक्षरांचीही तशीच.

तिसरा वक्रांचा. इलस्ट्रेटरमधले वक्र रेनो मोटार कंपनीतल्या पिएर बेझिए या अभियंत्याच्या नावाने ओळखले जातात. गाड्यांचे पत्रे नेमक्या वळणात यावेत म्हणून त्यांनी ही पद्धत रुजवली. म्हणजे ही रेघ मुळात कारखान्यातलीच. पण परत कारखान्यात येताना तिचे अनेकदा बारीक सरळ तुकडे होतात. तुकडे मोठे असले की कमळाच्या पाकळीवर कोन दिसतात, फार बारीक असले की यंत्र अडखळत चालतं. शक्य तिथे मी ते कंस म्हणून पुन्हा काढते. एकावर एक पडलेल्या रेघा ऑटोकॅडच्या ‘ओव्हरकिल’ या आज्ञेने काढून टाकते, सुटलेली टोकं जोडते; कारण आकृती बंद नसेल तर आत काय कोरायचं आणि बाहेर काय ठेवायचं, हे यंत्राला ठरवता येत नाही.

एवढं करूनही हत्याराची जाडी राहतेच. सहा मिलिमीटर व्यासाच्या गोल बिटाने आतला टोकदार कोपरा निघत नाही, तिथे तीन मिलिमीटर त्रिज्येची गोलाई उरते. तो कोपरा शेवटी कारागीर छिन्नीने काढतो. कुठे छिन्नी चालवायची, हे ड्रॉइंगवर लिहिणं माझं काम आहे. त्याच्या हाताला नेमकी खूण मिळाली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

डिझायनरांना माझी एकच विनंती आहे: नमुन्याशेजारी शंभर मिलिमीटरचा एक चौरस काढा आणि त्यावर माप लिहा. फाइल कोणत्याही सॉफ्टवेअरमधून फिरून आली, तरी तो चौरस मोजला की प्रमाण चुकलंय का ते कळतं. संगणकावर रेघ मागे घेता येते. कापलेला दगड पुन्हा जोडता येत नाही.