मियाटाचे ब्रेक किंचाळतायत? आधी हे बघा

माझदा एमएक्स-५, म्हणजेच मियाटा. १९८९च्या पहिल्या पिढीपासून हिच्या चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत. ब्रेक दाबताच ‘चींऽऽ’ होत असेल, तर डिस्कवर घासताना पॅड थरथरतंय. ती थरथर थांबली की आवाज गेलाच!

🔧 पॅड झिजून ३ मिमीच्या आसपास उरलंय? बदलाच. झीज कळवणारी पत्र्याची पट्टी डिस्कला लागली तरी असाच आवाज येतो.

🔧 कॅलिपरच्या सरकत्या पिना पुसून सिलिकॉन ग्रीस लावा. पिन अडकली की पॅड तिरकं घासतं.

🔧 पॅडमागची शिम फेकू नका. पॅडच्या पाठीला ब्रेकचं खास ग्रीस, तेही अगदी पातळ थरात. डिस्कवर मात्र कणभरही नको!

🔧 पॅडवर चकाकी आली असेल तर पॉलिश पेपर मारा.

🔧 नवे पॅड टाकले की मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० किमीवरून १०पर्यंत आठ-दहा वेळा वेग उतरवा. पूर्ण थांबू नका. मग गाडी चालवतच ब्रेक थंड होऊ द्या.

रेसिंगचे पॅड मात्र थंड असताना ओरडतातच. रोजच्या गाडीला ते कशाला?

आणि हो, गाडी नुसत्या जॅकवर ठेवून काम करू नका. स्टँड लावा!