आधी शेपूट, मग हत्ती

हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, असं आपण म्हणतो. घरी विमान बांधणाऱ्यांच्या जगात मात्र शेपूटच आधी येतं. अमेरिकेच्या ऑरेगॉन राज्यात, ऑरोरा या गावी ‘व्हॅन्स एअरक्राफ्ट’ ही कंपनी आहे. रिचर्ड व्हॅनग्रुनस्व्हेन या इंजिनिअरने १९७१ साली स्वतः बांधलेलं ‘आरव्ही-३’ उडवलं आणि पुढे तशाच विमानांची किट विकायला घेतली. आजवर या कुळातली ११ हजारांहून अधिक विमानं लोकांनी आपापल्या गॅरेजात बांधून उडवली आहेत. गिऱ्हाईक बहुधा अख्खं विमान एकदम मागवत नाही. पहिली पेटी शेपटीची. मग पंख, मग धड, आणि इंजिन सगळ्यात शेवटी.

यात व्यापार आहे तसा शहाणपणाही आहे. शेपटीची पेटी त्या मानाने स्वस्त. पुढे पंखांना लागणारं बरंचसं कसब तिच्यात लहान प्रमाणात शिकून होतं, आणि एखादा पत्रा बिघडलाच तर दुसरा मागवता येतो. मिसुरी राज्यातल्या मेक्सिको गावची ‘झेनिथ’ कंपनी याच्याही पुढे जाते. तिच्या दोन दिवसांच्या कार्यशाळेत आलेला माणूस आपल्या भावी विमानाच्या शेपटीतला रडर स्वतः बांधतो आणि घरी घेऊन जातो. उरलेलं विमान घ्यायचं की नाही, ते त्याने नंतर ठरवावं. जुन्या मालाच्या बाजारात अर्धवट सोडलेल्या शेपट्या कायम दिसतात. ते पाहता ही चाळणी प्रामाणिकच म्हणायची.

शेपटीत चार मुख्य भाग. उभा फिन आणि त्याच्या मागे डावीउजवीकडे वळणारा रडर. आडवा स्टॅबिलायझर आणि त्याच्या मागे वरखाली होणारे एलिव्हेटर. शेपटी मागची बाजू उचलून धरते, असा सर्वसाधारण समज. प्रत्यक्षात बहुतेक विमानांत ती खाली दाबत असते. गुरुत्वमध्य पंखाच्या उचलीच्या थोडा पुढे ठेवलेला असल्याने नाक झुकू पाहतं, आणि मागून पडणारा हा दाब ते सावरतो.

हे गणित चुकलं तर काय होतं, ते युरोपने १९३०च्या दशकात पाहिलं. फ्रान्सच्या आंरी मिन्ये यांनी १९३३ साली ‘एचएम-१४’ हे चिमुकलं विमान उडवलं. इंग्लंडमध्ये ते ‘फ्लाइंग फ्ली’ म्हणून गाजलं आणि हौशी लोकांनी ते घरोघरी बांधायला घेतलं. त्याला रडर होता, पण एलिव्हेटर नव्हता. पुढचा पंखच कलता ठेवून नाक वरखाली करायचं, मागचा पंख जागेवर घट्ट. नाक सुमारे १५ अंशांहून अधिक झुकलं, की वैमानिकाने हातातला दांडा कितीही ओढला तरी ते वर येईना. दोन पंखांमधल्या फटीतून जाणारी हवा मागच्या पंखाचीच उचल वाढवायची. लागोपाठ माणसं दगावली. मग फ्रान्समध्ये शाले-मदोंच्या आणि इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या वातबोगद्यात अख्खं विमान ठेवून तपासलं गेलं, तेव्हा दोष सापडला. शेपटीवर काटकसर करायची नसते, हे बांधणाऱ्यांना तिथून कळलं.

आजच्या किटमधल्या पत्र्यांना भोकं आधीच पाडलेली असतात. तरीही अमेरिकी नियमानुसार निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने शिकण्यासाठी किंवा विरंगुळ्यासाठी केलेलं असावं लागतं, आणि ते काम पुरून उरतं. प्रत्येक भोकाची बोचरी कड घासायची. रिव्हेटचं डोकं पत्र्याच्या पातळीत बसावं म्हणून भोकाभोवती उथळ खळगी दाबायची. मग एकाने रिव्हेट गन चालवायची आणि दुसऱ्याने मागून लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. रडरचा पत्रा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. ठोकळा जरा तिरका झाला, की खळीसारखा पोचा कायमचा. सर्वांत कठीण म्हणजे रडरची मागची धार. ती नागमोडी झाली तर विमान एका बाजूला ओढतं, म्हणून अनेक जण ती चिकटद्रव्याने जोडून सरळ अँगलला आवळतात, रात्रभर सुकू देतात आणि मगच रिव्हेट मारतात.

भोकांनी खुद्द ‘व्हॅन्स’ कंपनीलाही रडवलं. काही काळ तिचे सुटे भाग पंचऐवजी लेझरने कापून येत होते. खळगी दाबताना अशा भोकांच्या कडेला चिरा पडू लागल्या. भाग बदलून द्यावे लागले, इतरही आर्थिक ताण होतेच, आणि डिसेंबर २०२३ मध्ये ‘व्हॅन्स’ने दिवाळखोरीच्या कायद्याचं संरक्षण मागितलं. पुढच्या वर्षी ती त्यातून बाहेर आली.

तयार शेपूट धडावर चढवायचा दिवस येतो, तेव्हा सगळी हत्यारं गवंड्याच्या ओळखीची निघतात : ओळंबा, गुण्या, पाणसळ. धड आडव्या-उभ्या रेषेत आणायचं, स्टॅबिलायझर जागेवर शिकंज्यांनी धरायचा, आणि त्याच्या दोन्ही टोकांपासून धडाच्या मध्यरेषेवरच्या एकाच खुणेपर्यंतचं अंतर मोजायचं. पाया आखताना दोन्ही कर्ण जुळवतात, तसंच हे. कोन जमेना तर खाली पातळ पट्टी सारायची. सगळं जुळलं की ड्रिल. मात्र भोकाचा मध्य पत्र्याच्या कडेपासून व्यासाच्या किमान दुप्पट आत हवा. म्हणून आतल्या पट्टीची कड कुठे येते ते आधी रेघ मारून पाहावं लागतं. इथे घाई केलेल्यांना महागडे भाग पुन्हा मागवावे लागले आहेत.

‘आरव्ही-७’सारख्या मॉडेलात पुढची परीक्षा एलिव्हेटरच्या शिंगांची. दोन एलिव्हेटर, प्रत्येकाला एक पोलादी शिंग, आणि दोन्हींतून जाणारा एकच बोल्ट दांड्याच्या हालचाली पोचवतो. ते भोक बांधणाऱ्यानेच पाडायचं. दोन्ही एलिव्हेटर स्टॅबिलायझरच्या रेषेत बांधून ठेवायचे आणि मग ड्रिल चालवायचं. किंचित चुकलं तर एक एलिव्हेटर कायम दुसऱ्याच्या वर राहणार.

बोल्ट बसवणं ऐकायला सोपं. बिजागरीच्या दोन कानांमध्ये बोटही शिरत नाही, आणि तिथे बेअरिंगच्या दोन्ही बाजूंना पातळ वॉशर सरकवायचे असतात. लोक वॉशर पत्र्याच्या पट्टीला टेपने चिकटवून आत ढकलतात. तो पडतो. धडाच्या आत गडगडत जातो. शोधून काढावाच लागतो, कारण सुटा वॉशर विमानात राहू देणं परवडत नाही.

नट आवळायचा तोही मोजून. तीन-सोळांश इंची बोल्टला साधारण २० ते २५ इंच-पाउंड. जिथे बोल्ट फिरण्याची शक्यता असते, तिथे नायलॉनची पकड असलेला नट चालत नाही. खाचांचा नट घालून त्यातून पिन ओवावी लागते. नटाची पकड किती मोलाची, ते १६ सप्टेंबर २०११ रोजी दिसलं. नेवाडातल्या रेनोच्या शर्यतीत ‘गॅलपिंग घोस्ट’ हे विमान प्रेक्षकांजवळ कोसळलं आणि वैमानिकासह ११ जण गेले. ते घरगुती नव्हतं. दुसऱ्या महायुद्धातलं मस्टँग शर्यतीसाठी बदललेलं होतं. पण तपासात मूळ सापडलं ते शेपटीतच. लॉकनटांची पकड जीर्ण झाल्याने एलिव्हेटरच्या ट्रिम टॅबचे स्क्रू सैल झाले, टॅब फडफडू लागला आणि विमान इतक्या झटक्याने वर उसळलं, की वैमानिकाला १७ जींहून अधिक भार सोसावा लागला.

घर विमानापेक्षा लहान असतं, ही आणखी एक अडचण. मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’ सप्ताहासाठी ते सुटं करून क्रेनने खाली आणावं लागलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली. परदेशी गॅरेजातही शेपूट एकदा जुळवून पाहतात, उतरवतात, आणि विमानतळावर पुन्हा बसवतात. प्रत्येक खेपेला पिना नव्या.

एवढं होऊनही एक काम उरतं. एलिव्हेटरच्या टोकाला, बिजागरीच्या पुढे, शिशाचं वजन असतं. मागच्या भागाला ते तोलून धरतं, म्हणजे वेगात फडफड सुरू होत नाही. रंगाचा बहुतेक थर मात्र बिजागरीच्या मागे चढतो. कित्येक जण विमान आधी बिनरंगाचंच उडवतात. पुढे रंग दिला की एलिव्हेटर पुन्हा उतरवायचे, तोल तपासायचा, लागलं तर शिसं वाढवायचं, आणि ते इवले वॉशर परत आत ढकलायला बसायचं.