पडद्यावरील बर्फ आणि खरे घड्याळ

हॉकी म्हटले म्हणजे आपल्याकडे मैदान, काठी आणि चेंडू डोळ्यांपुढे येतात. कॅनडात मात्र हॉकी म्हणजे बर्फावरची हॉकी. सुमारे ६१ मीटर लांब व २६ मीटर रुंद अशा गोठविलेल्या रिंगणात दोन्ही बाजूंचे सहासहा खेळाडू, पायांत स्केट्स बांधून, रबराच्या एका कठीण चकतीमागे धावतात. या चकतीस तेथे ‘पक’ म्हणतात. आपण चकतीच म्हणू. आपल्या देशात लडाखमध्ये हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवर हा खेळ रंगतो.

इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌स या कंपनीने १९९१ पासून या खेळाचे व्हिडिओ गेम काढले. २००८ साली आलेल्या ‘एनएचएल ०९’ मध्ये ‘बी अ प्रो’ नावाचा एक नवा प्रकार होता. त्यात सगळा संघ चालवावयाचा नसून एकाच तरुण खेळाडूची कारकीर्द जगावयाची असते. कल्पना मोठी लोभस. परंतु सोप्या पातळीवर हात सरावलेल्या मुलास एका हंगामात शंभर गोल करणे फारसे जड जात नाही. प्रत्यक्षात वेन ग्रेट्स्की याने १९८१-८२ मध्ये केलेले ९२ गोल हा एका हंगामातील उच्चांक अद्याप अबाधित आहे, आणि २०२३-२४ मध्ये ऑस्टन मॅथ्यूजने ६९ गोल केले तेव्हा त्याचे केवढे कौतुक झाले! शंभर गोल जर सहज पदरात पडत असतील, तर त्या कारकिर्दीतील यशास किंमत ती कोणती?

या विसंगतीचे एक मूळ घड्याळात आहे. खरा सामना वीस-वीस मिनिटांच्या तीन डावांचा, म्हणजे साठ मिनिटांचा. तेवढ्यात एक संघ साधारणतः तीस फटके गोलावर मारतो. त्यांतील दहापैकी नऊ गोलरक्षक अडवितो आणि तीनच्या आसपास गोल होतात. घरी बसून खेळणाऱ्यास एवढा वेळ कुठला? म्हणून डाव पाच मिनिटांचा करतात. आता खरे प्रमाण राखले तर पंधरा मिनिटांत सात-आठ फटके पडतील आणि गोल एखादाही होईल न होईल. असा सामना रुक्ष वाटणार. मग वेग वाढवा, फटके वाढवा, गोलरक्षक थोडा ढिला करा, असे सुरू होते. घड्याळाशी एकदा लबाडी केली की ती लपविण्यासाठी आणखी दहा कराव्या लागतात.

खेळ फारच सोपा झाला की अवघडपणाची पातळी चढवितात. प्रतिस्पर्धी मग अधिक वेगाने धावतात, त्यांचे पास चुकत नाहीत. हा उपाय मला भाबडा वाटतो. गोलरक्षकाचेच पाहा. २०१२ साली झ्डेनो चारा याने कौशल्यस्पर्धेत मारलेल्या फटक्याचा वेग ताशी सुमारे १७५ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ४८ मीटरांहून अधिक होता. निळ्या रेषेपासून गोलरेषा सुमारे साडेएकोणीस मीटर. हे अंतर अशी चकती ०.४ सेकंदात कापील. दिसलेल्या गोष्टीस प्रतिसाद देण्यासच माणसाला ०.२ सेकंद लागतात. उरलेल्या क्षणात हातपाय हलवावयाचे! म्हणून निष्णात गोलरक्षक काठीचा कोन आणि खांद्याचे वळण पाहून आधीच अदमास बांधतो, आणि पुढे खेळाडू आडवे आले की फसतो. संगणकाच्या गोलरक्षकास मात्र चकतीचे स्थान क्षणोक्षणी ठाऊक असते. त्याची चपळाई वाढविली तर तो यंत्र वाटतो, घटविली तर बाहुले. त्याची दृष्टी माणसाइतकी उशिरा पोहोचू द्यावी, आडोशामागचे त्यास दिसू देऊ नये, आणि कठीण पातळीवर फक्त त्याचा अदमास अधिक अचूक करावा. तोच न्याय सहकाऱ्यांना लावावा. बटण दाबताच चकती हाती देणारे सहकारी कोणत्या संघात असतात?

चाणाक्ष खेळाडू ‘स्लायडर’ नामक सरकत्या पट्ट्यांनी फटक्यांची अचूकता, थकवा, वेग हे सारे स्वतःच कमीजास्त करतात. त्यांची ही खटपट स्तुत्य आहे. पण घड्याळ खोटेच राहिले तर पट्ट्या किती सरकवाव्यात?

गंमत अशी की, कारकीर्दीच्या प्रकारात घड्याळ खरे ठेवणे मुळीच अशक्य नाही. खरा खेळाडू साठही मिनिटे बर्फावर नसतो. पाऊण-एक मिनिट जीव तोडून धावावयाचे, की दमून बाकावर परतावयाचे, अशी ही रीत. आघाडीचा खेळाडू वीस मिनिटे खेळतो, नवख्यास आठ-दहाच मिळतात. तेव्हा डाव पुऱ्या वीस मिनिटांचे ठेवावेत आणि बाकावरचा काळ झरझर पुढे न्यावा. नवख्याच्या वाट्यास आलेल्या त्या आठ मिनिटांत गोलाची संधी एखादीच येईल, कधी येणारही नाही. प्रशिक्षक मात्र तो बचावास वेळेवर परतला की नाही हे पाहत असेल, आणि नवव्या मिनिटाची परवानगी त्यावरच अवलंबून राहील.