चार आकड्यांचे कुलूप

दुकानातल्या ठिपक्यांच्या चौकोनासमोर मोबाइल धरायचा, रक्कम लिहायची, चार किंवा सहा आकडी पिन टाकायचा, की पैसे पोहोचले! 'युनिफाइड पेमेंट्स इंटरफेस' म्हणजेच यूपीआय ही पद्धत २०१६ साली सुरू झाली आणि आज ती भाजीच्या टोपलीपर्यंत पोहोचली आहे. तरी मनात शंका येतेच. साऱ्या खात्याची राखण अवघे चार आकडे कसे करणार?

थोडे गणित करू. ० ते ९ हे दहा अंक चार जागी मांडण्याचे प्रकार १० × १० × १० × १०, म्हणजे १०,००० होतात. संगणक ते क्षणात तपासून संपवील. म्हणूनच बँक तेवढी संधी देत नाही. ठरावीक वेळा चूक झाली की पिन चालेनासा होतो. समजा, तीनच प्रयत्न मिळाले, तर अंदाजाने पिन सापडण्याची शक्यता १०,००० मध्ये ३ एवढीच. शिवाय हे प्रयत्न कोणत्याही फोनवरून करता येत नाहीत. अ‍ॅपची नोंदणी करताना आपल्या सिमकार्डावरून एक संदेश जातो आणि तो क्रमांक व तो फोन खात्याशी जोडला जातो. म्हणजे कुलपे दोन झाली: एक आपल्याजवळच्या वस्तूचे, दुसरे आपल्याला ठाऊक असलेल्या आकड्याचे.

मात्र जन्माची तारीख आणि महिना जोडून पिन केला, तर प्रकार उरतात फक्त ३६६. तीन प्रयत्नांत तो सापडण्याची शक्यता १२२ मध्ये १ होते. ज्याला आपला वाढदिवस ठाऊक आहे, त्याला तर एकच प्रयत्न पुरे!

कुलूप इतके पक्के, तर मग लोक फसतात कसे? चोर कुलूप फोडत बसत नाही, तो मालकाकडूनच ते उघडून घेतो. समजा, आपण जुने कपाट विकायला काढले. फोनवरचे गिऱ्हाईक म्हणते, "आगाऊ पैसे पाठवतो. मी पाठवलेला चौकोन स्कॅन करा आणि पिन टाका, पैसे जमा होतील." आता त्या चौकोनात काय साठवलेले असते? पैसे ज्याला मिळायचे त्याचा पत्ता, आणि कधी कधी रक्कमही. म्हणजे ज्याचा चौकोन, त्यालाच पैसे. धनादेशावर सही कोण करतो? देणारा. पिन ही तशीच सही आहे. पैसे मिळवण्यासाठी पिन कधीही लागत नाही. एवढे एक सूत्र पाठ असले, तरी असे पुष्कळ डाव तिथेच संपतात.

आणखी काही गोष्टी पाळाव्यात. पिन टाकण्यापूर्वी पडद्यावर आलेले नाव वाचावे. "चुकून पैसे आले, परत करा" असा फोन आला, तर संदेशावर विसंबू नये. आधी खात्यातली शिल्लक पाहावी. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून, आपला पडदा त्याला दिसेल असे अ‍ॅप घेऊ नये. "आज रात्री वीज तोडू" अशी घाई करणाऱ्याचा फोन ठेवून द्यावा आणि बिलावरच्या क्रमांकावर स्वतः चौकशी करावी.

पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नये. ताबडतोब बँकेला कळवावे आणि १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार करावी. चोर रक्कम भराभर पुढच्या खात्यांत सरकवतो. ती वाटेतच अडवता आली, तर परत मिळण्याची आशा राहते.

वर्गासाठी एक उपक्रम: सहा आकडी पिनचे प्रकार किती, ते मुलांनी काढावे. मग घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला एकच प्रश्न विचारावा, "पैसे मिळवण्यासाठी पिन लागतो का?" कोणाचाही पिन मात्र विचारू नये. उत्तरे फळ्यावर मांडा. जितकी उत्तरे 'हो' येतील, तितक्या घरी त्याच संध्याकाळी मुलांनी शिक्षक व्हावे.