घरातला कायदा

बाजारात कोणी खिसा कापला, तर पोलीस चोराचा धर्म विचारून कलम लावत नाहीत. चोरीला कायदा एकच. मारामारीला एकच. वजनात मारले, कर्ज बुडवले, तरी हिंदू, मुसलमान, बौद्ध, ख्रिस्ती या सगळ्यांना माप एकच.

पण उंबरठ्याच्या आत पाऊल टाकले की गोष्ट बदलते. लग्न, काडीमोड, पोटगी, वारसा या बाबतींत आपल्या देशात धर्माप्रमाणे वेगवेगळे कायदे चालत आले आहेत. त्यांना व्यक्तिगत कायदे म्हणतात. नाव व्यक्तिगत, पण असतात ते एकेका समाजाचे.

असे का झाले? इंग्रजांनी १७७२ साली बंगालमध्ये ठरवले की, लग्न आणि वारसा यांचे तंटे हिंदूंचे शास्त्राप्रमाणे आणि मुसलमानांचे कुराणाप्रमाणे तोडायचे. परक्या सरकारला लोकांच्या घरात हात घालायची भीती वाटत होती. ती वहिवाट पुढे चालू राहिली.

इंग्रज गेले. आपले राज्य धर्मनिरपेक्ष झाले. हा शब्द राज्यघटनेच्या उद्देशिकेत १९७६ साली आला, पण त्यातला भाव घटनेत पहिल्यापासून आहे. काही लोक त्याचा अर्थ ‘धर्म बुडवणारे राज्य’ असा करतात. तो खोटा आहे. सरकारला स्वतःचा धर्म नाही, लोकांना आपापला आहे, एवढाच त्याचा अर्थ. तुम्ही वारीला जा, नमाज पढा, उपास करा. सरकार आडवे येणार नाही.

मग टाकलेल्या बायकोने खावे काय? बापामागे लेकीला जमिनीत वाटा किती? हा प्रश्न देवाचा की भाकरीचा? आम्हांला विचाराल तर भाकरीचा. पण सगळ्यांना तसे वाटत नाही, आणि भांडण इथेच आहे. घटनेतही दोन्ही गोष्टी आहेत. कलम २५ धर्माचे स्वातंत्र्य देते. त्याच कलमात, धर्माशी जोडलेल्या पैशाच्या व इतर ऐहिक व्यवहारांवर सरकार कायदा करू शकते, असेही म्हटले आहे. कलम ४४ म्हणते की, सर्व नागरिकांना एकच नागरी कायदा असावा यासाठी राज्याने प्रयत्न करावा. मात्र हे कलम दाखवून कोर्टाकडून तसा कायदा करून घेता येत नाही.

पुष्कळांना वाटते की, हे भांडण फक्त मुसलमानांचे आहे. तसे नाही, बरे का. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कायदेमंत्री असताना त्यांनी हिंदू कोड बिल मांडले. केवढा गदारोळ झाला! धर्म बुडाला, घरे मोडणार, बहीण भावाच्या उरावर बसणार, अशी ओरड झाली. बिल अडले. बाबासाहेबांनी १९५१ साली राजीनामा दिला, त्याचे हे एक मोठे कारण होते. पुढे १९५५ आणि १९५६ साली त्याच बिलाचे तुकडे करून चार कायदे झाले. हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांना ते लागू आहेत. एक बायको असताना दुसरी करणे गुन्हा ठरले. काडीमोडाची वाट मोकळी झाली. मुलीला बापाच्या स्वकष्टाच्या मिळकतीत वाटा मिळाला. वडिलोपार्जित एकत्र जमिनीत मात्र मुलग्यासारखा जन्मापासूनचा हक्क तिला मिळाला नाही. त्यासाठी २००५ साल उजाडावे लागले. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, २००५ साली बाप हयात नसला, तरी मुलीचा हा हक्क बुडत नाही.

कायदा झाला. गावात काय होते? भाऊ बहिणीला तालुक्याला नेतो आणि हक्कसोडपत्रावर सही घेतो. “माहेर तुटेल” या भीतीने ती सही करते. ज्यांना वाचता येते, त्यांनी सहीआधी कागद वाचावा.

आता इंदूरच्या शाहबानोची हकिगत ऐका. लग्नाला चाळीसावर वर्षे झाल्यावर वकील नवऱ्याने तिला घराबाहेर काढले. तिने पोटगीचा अर्ज केला. नवऱ्याने तलाक दिला आणि म्हणाला, आमच्या धर्माप्रमाणे माझी जबाबदारी संपली. खालच्या कोर्टाने महिना २५ रुपये ठरवले, वरच्या कोर्टाने १७९ रुपये २० पैसे. एवढ्यासाठी तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला. १९८५ साली न्यायालयाने सांगितले की, निराधार बायकोला पोटगी देण्याचा फौजदारी कायदा सर्व धर्मांना सारखाच आहे. त्यावर मोठी चळवळ उठली, आणि १९८६ साली सरकारने वेगळा कायदा करून तो निकाल बोथट केला. आमच्या मते हे सरकारचे भित्रेपण होते. पुढे न्यायालयांनी तो हक्क पुन्हा उभा केला. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की, तलाक मिळालेल्या मुसलमान बाईलाही जुन्या सामान्य कायद्याने पोटगी मागता येते. एका दमात तीनदा दिलेला तलाक २०१७ साली रद्द ठरला, आणि २०१९ पासून तो गुन्हा आहे.

हे आतूनही मागितले गेले आहे. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई यांनी १९६६ साली सात मुसलमान बायांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला. तोंडी तलाक आणि एकाहून अधिक बायका बंद करा, ही मागणी होती. मोर्चा सातच जणींचा, पण तेव्हा घराबाहेर पडायला किती धीर लागला असेल!

सर्वांना एकच घरगुती कायदा कुठे आहे का? शेजारी गोव्यात आहे. पोर्तुगीजांचा १८६७ चा नागरी कायदा तिथे अजून चालतो. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायको मिळकतीचे निम्मे-निम्मे मालक असतात. पण त्यातही हिंदूंसाठी काही अपवाद १८८० साली ठेवले होते. उत्तराखंडने २०२५ च्या जानेवारीपासून आपला समान नागरी कायदा लागू केला. त्यातून आदिवासींना वगळले आहे.

एक कायदा हवा म्हणणारे पुष्कळ आहेत. मोठ्या समाजाची रीत लहान समाजावर लादली जाईल, असे भय वाटणारेही आहेत. आम्ही एवढेच विचारू की, त्या एका कायद्यात बाईच्या पदरात काय पडणार? ते आधी वाचून दाखवा.

तोवर पोटगी अडली, वाटा नाकारला, तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. तिथे बाईला वकील फुकट मिळतो. तिचा धर्म कोणता आणि मिळकत किती, हे पाहत नाहीत.