लॅन्सेट ते मितानिनची पिशवी

संशोधकाची पत हल्ली एका आकड्यात सांगतात: एच-इंडेक्स. जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये काढलेलं हे माप. तुमच्या वीस निबंधांचा प्रत्येकी निदान वीसदा दाखला दिला गेला, तर तुमचा इंडेक्स वीस. एखाद्या निबंधाने जगभर खळबळ उडवली तरी या हिशेबात तो धरायचा एकच. डॉ. राणी बंग यांचं काम चाळताना मला हे माप फार तोकडं वाटलं.

आम्हा भिलाईकरांना गडचिरोली काही परमुलूख नाही. मानपूर ओलांडलं की तो जिल्हा लागतोच. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन राणी आणि अभय बंग १९८६ साली गडचिरोलीत कामाला लागले, 'सर्च' ही संस्था उभी केली. राणीताई स्त्रीरोगतज्ज्ञ. त्या काळी सरकारी कागदावर खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंब नियोजनाची शस्त्रक्रिया. अंगावरून पांढरं जाणं, कंबर धरणं, पाळीचा त्रास हे कोणी विचारत नव्हतं, म्हणून बायकाही सांगत नव्हत्या.

वासा आणि अमिर्झा या दोन गावांत त्यांनी ६५० बायकांची तपासणी केली. तक्रार घेऊन आलेल्यांचीच नव्हे, ज्यांना काही होत नव्हतं त्यांचीही. माझ्या मते खरी करामत इथेच आहे. दवाखान्याच्या रांगेत बसून आजारी मोजता येतात, गावात आजार किती आहे ते नाही कळत. आणि 'मला काय धाड भरलीय' म्हणणाऱ्या बाईला आतून तपासून घ्यायला राजी करणं हे आकडेशास्त्राचं काम नव्हे, ओसरीवर बसून बोलण्याचं आहे.

निष्कर्ष जानेवारी १९८९ च्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. शंभरातल्या ९२ बायकांना एक ना एक स्त्रीरोग, सरासरी एकीला ३.६. याआधी अशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. पुढे १९९४ ला कैरोच्या लोकसंख्या परिषदेत जगाची भाषा 'किती शस्त्रक्रिया झाल्या' यावरून 'प्रजनन आरोग्य' या शब्दाकडे वळली. त्या वादात स्त्री-आरोग्यवाल्यांच्या हाती जे पुरावे होते, त्यांत हा निबंध होता.

१९९९ चा 'लॅन्सेट'मधला निबंध त्याहून गाजला. त्यात पहिलं नाव अभय बंग यांचं. ३९ गावांत गावच्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी उतरले. भाषणांत हाच आकडा ऐकू येतो. त्याच कामातून आईविषयी निघालेला २००४ चा निबंध मात्र कोणाच्या फारसा तोंडी नाही. त्यात पहिलं नाव पुन्हा राणी बंग. घरी बाळंत होणाऱ्या ७७२ बायका, प्रसूतीपासून २८ दिवसांपर्यंत. निम्म्याहून अधिक, ५२.६ टक्के, बायकांना काही ना काही त्रास. आणि त्यातला मोठा भाग कळा देताना नव्हे, बाळंतपण 'नीट पार पडलं' म्हणून सगळे निर्धास्त झाल्यावर. १५.३ टक्के बायकांना तातडीच्या प्रसूती-उपचाराची गरज होती. बाळाची उचलाउचल चालू असते तेव्हा बाळंतीण ताप अंगावर काढत असते, हे घरोघरच्या म्हाताऱ्यांना माहीत होतं. कागदावर ते असं मोजून आलं नव्हतं.

छत्तीसगडने २००२ मध्ये मितानिन, म्हणजे गावच्याच आरोग्य-कार्यकर्त्या, नेमायला सुरुवात केली; देशात तशाच 'आशा' २००५ ला आल्या. २०११ मध्ये केंद्राने गडचिरोलीच्या धर्तीवर घरच्या घरी नवजात काळजीचं काम त्यांच्याकडे सोपवलं. दवाखान्यात बाळंतपण झालं तर सहा भेटी: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. सगळ्या भेटी झाल्या की अडीचशे रुपये. हे मानधन ठरवणाऱ्याने कधी उन्हातान्हात सहा फेऱ्या मारून बघाव्यात.

दाखल्यांच्या मोजणीत यातलं काही येत नाही. तिथे निबंधाने निबंधाला दिलेला दाखलाच धरतात. इकडे दुर्गजवळच्या गावात मितानिन दीदी पिशवीतून काटा, थर्मामीटर आणि घड्याळ काढते. बाळाला झोळीत घालून वजन घेते. मग छातीवरचं दुपटं सारून एक मिनिट श्वास मोजते. साठ भरले तर पुन्हा मोजते. बाळ आजीच्या हाती देऊन ती आईकडे वळते आणि छत्तीसगढीत विचारते, ताप आहे का, रक्त किती जातंय.